खिळा

गावभागातल्या हॉलवर टेम्पो लागला.
बेचाळीस फोटो, सगळे चीनचे,
उतरवले मी आणि दस्तगीरनं.

भिंतीवर दोन हात रंग देऊनही
दिसते पुराची रेघ.
बाई म्हणाल्या, फ्रेमा त्यावरच लावा,
झाकली जाईल.

झाकत गेलो.
सायकलवर कोबी लादलेला म्हातारा,
न्हाव्याच्या खुर्चीत झोपलेलं पोर,
जिन्यात पत्ते खेळणाऱ्या चौघी
(त्यातली एक हरतेय,
पत्ते न बघताही कळतं).
दस्तगीर प्रत्येकाला विचारायचा,
"काय पावणं, जेवलासा का?"
आणि खिळा ठोकायचा.

एकोणिसाव्या फोटोत एक बाई
उंबऱ्यातला गाळ खराट्यानं ओढतेय.
मागच्या भिंतीवर, तिच्या डोक्याच्याही वर,
तपकिरी रेघ.

तिला त्यानं काही विचारलं नाही.
त्याच्या बायकोचं शिलाई मशीन
त्या सालापासून माळ्यावर गंजतंय.
फ्रेम जरा खाली घेतली,
मग अजून जरा,
आमच्या भिंतीवरची रेघ
काचेत शिरून
पलीकडं निघेपर्यंत.

संध्याकाळी बाई आल्या.
ही एकच खाली का?

"तिथंच घुसतोय खिळा,"
दस्तगीर म्हणाला,
आणि हातोडी पिशवीत टाकली.