सव्वापाच किलो

चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या खोपटात बसून
मी सात वर्षं पेट्या उतरवल्या.
एकेक तीस टनांची. ग्दिन्याच्या धक्क्यावर,
बाल्टिकवरून वारा सुटलेला,
खाली जहाज झोपलेल्या गुरासारखं वरखाली.
कधीच आवाज झाला नाही असं म्हणणार नाही,
पण धक्क्यावरचे लोक म्हणायचे,
मिरेला पेटी ठेवत नाही, टेकवते.

आणि ही बोग्ना. सव्वापाच किलो.
खांद्यावर गाढ, तोंड उघडं,
माझ्या गळ्यावर दुधाचा ओघळ,
आणि पाठ गादीला लागली रे लागली
की डोळे टक्क.
जणू कुणी तव्यावर टाकली.

सासूबाई फोनवर म्हणतात, मऊ उशी दे, लोकरीचं पांघरूण दे,
लेहोस्वाव त्यातच वाढला.
नर्सबाई येऊन सगळं काढून गेल्या,
उशी, पांघरूण, लोकरीचा बोकडसुद्धा.
पाठीवर झोपवा, म्हणाल्या, खाट मोकळी हवी.
मोकळ्या खाटेत कठड्याच्या सावल्या तेवढ्या उरल्या.
बोकड आता खिडकीत बसून
ट्रॉलीबसच्या ठिणग्या बघतो.

मी हीटर उतरवला.
चादरीवर गरम पाण्याची पिशवी फिरवली,
तिला ठेवण्याआधी काढून घेतली.
खाटेपाशी एक फळी करकरते,
तिच्यावर खडूनं फुली मारली.
तरी टक्क.

दोन चाळीसला मीही रडले,
तिच्याच पट्टीत.
निदान तेवढ्यावर आमचं एकमत झालं.

मग, का कोण जाणे, एउस्ताखी आठवला.
जहाजाच्या कडेला उभा राहून हातानं खुणा करायचा.
डाव्या हाताला अंगठा नव्हता,
पण त्याची खूण कधी चुकीची वाचली गेली नाही.
माझ्या पहिल्या आठवड्यात पेटी हवेत नुसती हेलकावत राहिली,
तेव्हा रेडिओवर त्याचा खरखरीत आवाज आला होता:
"पोरी, तू थांबलीस. तिला काय माहीत?
ती अजून येतेच आहे.
तिच्यामागं जा. झोका जिथं संपतो
तिथं तू आधी पोचलेली अस."

आणि मी काय करत होते?
खोलीभर डुलवायचं, डुलवायचं,
आणि कठड्याशी येऊन खाडकन उभं राहायचं.

या वेळी थांबले नाही.
डुलतच वाकले, डुलणं बारीक करत,
आधी वावभर, मग वीतभर, मग बोटभर.
टाचा टेकल्या.
मग कुल्ले.
मग पाठ, मणक्यामागून मणका.
डोकं सगळ्यात शेवटी, खाली माझा तळवा.
माझी छाती तिच्या छातीला लागूनच खाली आली,
कठडा बरगडीत रुतला, रुतू दे.

तिनं दोन्ही हात झटकन उघडले,
पडणारा माणूस उघडतो तसे.
मी तळवा तिच्या छातीवर ठेवला
आणि श्वास अडला.
माझाच. तिचा चालू होता.

करंगळी उचलली. वाट पाहिली.
अनामिका. बाहेर कुठलंतरी जहाज भोंगा वाजवून गेलं,
पापणी थरथरली, मिटली.
मधलं बोट.
तर्जनी मात्र तिच्या मुठीत.
आता कुलूप सुटल्याशिवाय दोर वर घ्यायचा नसतो
हे मला कुणी सांगायला नको.

चारला लेहोस्वाव डेपोत जायला उठला.
मोज्यांवर, बूट हातात घेऊन दारात उभा राहिला,
भुवयांनी विचारलं, झोपली?
मी मोकळा हात आडवा धरला, तळवा खाली.
एउस्ताखीची खूण:
भार अजून हवेत आहे, कुणी हलू नका.
लग्नाला पाच वर्षं झाली, त्याला ही कधी शिकवली नव्हती.
तो थांबला.
मग फुली ओलांडून, लांब ढांग टाकून
माझ्या पाठीवर स्वतःचा कोट घालून गेला.

मूठ केव्हा सुटली ते कळलं नाही.
बोट तिथंच होतं,
उजाडेपर्यंत,
वाकलेलं.