समासातली पेन्सिल

केप ब्रेटनच्या किनाऱ्याकिनाऱ्याने
अठरा वर्षं मी पुस्तकांची गाडी चालवली.
दर दुसऱ्या गुरुवारी चर्चमागच्या मोकळ्या जागेत
पावणेचार ते पाच.
हीटर कपाटाखाली होता, म्हणून कादंबऱ्यांपाशी गर्दी.
काही पोरं नुसती पाय शेकायला यायची,
मी बघून न बघितल्यासारखं करायची.

इशबेल मॅकफी. वय अकरा.
खाण बंद झाली त्या वर्षी तिचा बाप
आल्बर्टाला गेला.
आधी पैसे यायचे, मग नुसते फोन,
मग फोन वाजला तरी तो दुसऱ्याच कुणाचा.

ती ताकाला येऊन भांडं लपवायची.
"घोड्यांवरचं काही आहे?" असं विचारायची
आणि घोड्यांच्या पुस्तकाखाली दडवून न्यायची
ती निळ्या पाठीची कादंबरी:
आई अंथरुणाला खिळलेली, बाप बेपत्ता,
आणि बारा वर्षांचा एक मुलगा
बहिणीच्या शाळेच्या चिठ्ठीवर
आईची सही गिरवायला शिकतो.

सात वेळा नेली. कार्डावर सात शिक्के.

परत आलेल्या पुस्तकातल्या खुणा पुसायच्या
हा आमचा नियम.
पान त्रेचाळीस, सूप करपतं तिथे,
समासात मुंगीएवढी अक्षरं:
'आच कमी कर. बटाटे आधी.'
पान अठ्ठ्याऐंशी, सहीपाशी:
'पहिलं अक्षर फुगवून काढ. बाई तेवढंच बघतात.'
मुलगा रात्री रडतो, त्या पानावर
एक अक्षर नाही.
लोण्याचा डाग फक्त.

पुसलं मी. तीनदा पुसलं.
चौथ्यांदा ते सगळं पुन्हा तिथेच उगवलं,
आणि शेवटच्या पानावर,
जिथे दूरची मावशी ट्रंक घेऊन दारात उभी राहते
आणि दोन परिच्छेदांत सगळं मार्गी लागतं,
कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं:

'मावशी येत नाही.'

खोडरबर परत डब्यात ठेवलं.

तिला विचारलं का काही? नाही.
"घोडे आवडले का?" एवढंच विचारलं.
"बरे आहेत," ती म्हणाली,
"पण त्यांना स्वयंपाक येत नाही."

पुढल्या खेपेला तिच्या पिशवीत
मी ओटच्या बिस्किटांचा पुडा सरकवला.
पंधरा दिवसांनी तो परत आला,
पुस्तकांबरोबर, मुदतीत,
न फोडलेला.

मार्चमध्ये घराला कुलूप.
कुणी म्हणे हॅलिफॅक्स, कुणी म्हणे बाप येऊन घेऊन गेला,
कुणी सरकारी गाडी पाहिली होती.
कादंबरी मात्र परतीच्या पेटीत होती,
बर्फ लागू नये म्हणून पावाच्या पिशवीत गुंडाळलेली.

रद्दीत काढायच्या पुस्तकांची यादी यायची दरवर्षी.
दरवर्षी निळी कादंबरी तिच्यात असायची,
आणि दरवर्षी मी ती हरवल्याचं कळवायची.
अठरा वर्षांतलं माझं हे एकच खोटं,
बाकीची लक्षात नाहीत.

निवृत्तीच्या आधल्या आठवड्यात
गाडी रिकामी करताना ती हाताशी आली.
शेवटचं पान आता भरलं होतं.
'मावशी येत नाही'च्या खाली निळ्या शाईत:
'आमच्याकडे आली. मंगळवारी गेली.'
त्याच्याखाली कुणाची तरी नुसतीच उभी रेघ, खोडलेली.
आणि पान त्रेचाळीसवर, सूपापाशी,
तिरक्या, अगदी नव्या अक्षरात:
'नक्की काय आधी? कांदा की बटाटे?'

बाहेर अंधारून आलं होतं. पाच वाजून गेलेले.
मी पेन्सिलीला टोक काढलं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुस्तकात लिहिलं.

माफ कर, इशबेल.
कांदा.