काठावरची हलगी

अण्णा, तुम्ही विचारलंत, विद्यापीठात
दिवसभर करतेस काय गं, म्हणून सांगते.

एक विषाणू आहे. चामखीळ आणणाऱ्यांच्या भावकीतला.
त्याचा सगळा ग्रंथ आठ हजार अक्षरांच्या आत आटोपतो,
आणि तोही गोल, हौद्यासारखा,
सुरुवात कुठं धरायची ते आपण ठरवायचं.
त्यात एका जागी कुठल्याच प्रथिनाची पाककृती नाही.
वहीचा कोरा समास समजून
मीही आधी त्याच्यावरून बोट फिरवून पुढं गेले होते.

मग त्यातलाच एक तुकडा कापून पाहिला.

काजव्याचा जीन असतो, राधानगरीच्या रानात चमकतो तसला.
तो पुढं जोडायचा. जितकं वाचन, तितका उजेड.
उजेड इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही,
यंत्र मोजतं, आकडा छापतं.
तुकडा जागेवर असताना बेचाळीस हजार.
काढला, सहाशे.
जीनच्या पार मागं, लांब नेऊन चिकटवला,
तरी एकोणचाळीस हजार.
आणि एकदा ज्योत्स्नानं चुकून, खरंच चुकून,
उलटा जोडला, शेपटाकडून डोक्याकडं.
मी तिच्यावर ओरडायच्या आत यंत्र बोललं,
एक्केचाळीस हजार.

तेव्हा मला तुम्ही दिसलात.
खासबागेत, मातीपासून वीस हात लांब,
कधी तोंड पैलवानांकडं, कधी पाठ.
डाव तुम्ही कधी टाकला नाही,
लांगसुद्धा बांधली नाही जन्मात.
पण टिपरू पडायला लागलं की
दमलेला गडी मांडीवर थाप मारून उठायचा.
दुसऱ्या दिवशी पेपरात तो, त्याची गदा,
त्याच्या वस्तादाचा फेटा.
तुमचं कोपरसुद्धा चौकटीत नसायचं.

तुम्ही हसलात. "लांब कशाचं?
हलगी तापली की मैदानच वाकून जवळ येतंय."
अण्णा, पुस्तकात हेच आहे, चित्रासकट.
धागा वाकतो. मधली अक्षरं कमानीसारखी वर उचलतात
आणि काठ येऊन आरंभाच्या कानाला लागतो.

पण टिपरू धरणारे हात त्याचे नाहीत.
विषाणू नुसतं कातडं ताणून आणतो.
वाजवायला बसतात ती आपल्याच पेशीची प्रथिनं,
तीच आपलं वाचनयंत्र हाताला धरून
त्याच्या दारात नेऊन उभं करतात.
म्हणून त्वचेच्या पेशीत घुमते ती हलगी
यकृताच्या पेशीत मुकी राहिली. सातशे.
"हात ओळखीचं नसतील तिथं," तुम्ही म्हणालात,
आणि शेगडीवर कातडं शेकत बसलात.

बऱ्याच वेळानं डावा अंगठा पुढं केलात.
कड्यावर टेकून टेकून घट्टा पडलेला,
घट्ट्याच्या शेजारी ती चामखीळ, तीन वर्षांची.
चुना लावून झाला, घोड्याचा केस बांधून झाला.
"म्हंजे ह्यात बी कोणतरी वाजवतंय म्हन की."

हो. खालच्या थरात दबक्या आवाजात,
पेशी वर वर येईल तसतसं जोरात.
एवढंच सांगितलं.
त्याच भावकीतला दुसरा एक
बायकांच्या पिशवीच्या तोंडाशी वाजत राहतो, वर्षानुवर्षं,
हे सांगायचं होतं. पण भिंतीवर
शेवंताआत्याचा फोटो होता, सीपीआरच्या कागदांसकट
तुम्ही तिला शेवटी घरी आणलंत त्या वर्षीचा हार अजून त्यावर.
तुम्हीच तिकडं बघितलंत. मग माझ्याकडं.

"वाईटाची बी हलगी असती," म्हणालात,
"हात मातुर आपलंच."
आणि वाजवली नाही त्या रात्री.
तापलेलं कातडं तसंच खुंटीला अडकवलंत.

उद्या यकृताच्या पेशी पुन्हा लावायच्या आहेत.
सातशे हा आकडा एकदाच मिळालाय.
एकदाच मिळालेल्या आकड्यावर
आमच्यात कुणी विश्वास ठेवत नाही, अण्णा.