मागच्या सीटवरून

क्रान्स्का गोरा सोडलं तेव्हा सव्वासात वाजले होते,
पेट्रोलपंपावरची बाई अजून जांभया देत होती.
लुद्विकने हेल्मेट घालून झाल्यावर
सवयीप्रमाणे चष्मा शोधला. तो हेल्मेटच्या आत होता.
तादेया हसली नाही. ती सकाळी हसत नाही.

बोगोमिर माझ्या मागे बसला.
तेवीस वर्षं तो सगळ्यांत पुढे असायचा.
त्याचा मागचा लाल दिवा बघत आम्ही वर्शिचचा घाट शिकलो,
दिवा लागला की ब्रेक, विझला की गॅस,
एवढंच व्याकरण.

आता त्याच्या डोळ्यांत मधोमध एक डाग बसलाय.
कडा दिसतात, म्हणतो. गवत दिसतं, मैलाचा दगड,
कठड्यावरचा कावळासुद्धा.
फक्त ज्याच्याकडे बघावं, तेच नेमकं नसतं.
गाडी त्याने मार्चमध्ये विकली, येसेनीत्सेच्या एका पोराला,
आणि टाकी भरून दिली.

इथल्या वळणांना आकडे आहेत.
पाटीवर नंबर, त्याखाली उंची,
आणि चढाला वळणापुरतेच बसवलेले दगड,
दव पडलं की साबण.
पहिली सहा वळणं मी त्याला ओझं समजत होते,
बटाट्याचं पोतं, शंभर किलो, हूं की चूं नाही.
सातव्याला कळलं,
तो माझ्याआधी झुकतोय.
अर्धा श्वास आधी.
मी अजून विचारच करत असते, आणि पाठीमागचं वजन
डावीकडे सरकलेलं असतं,
झोपेत कुणी कूस बदलावी
आणि पांघरूण त्याच्यासोबत जावं, तसं.

हेल्मेटला हेल्मेट टेकवून म्हणाला,
"अकराव्याला आत शिरू नकोस, पाणी झिरपतं."
पाणी होतं.
"आता कापलेल्या लाकडांचा वास येईल, मग लगेच उजवं."
आला. उजवं.

माथ्यावर मेंढ्या. रस्ता आपल्या बापाचा असल्यासारख्या.

उताराला, ट्रेंटाच्या बाजूला, छत्तीस की सदतीस,
तो उजवीकडे गेला आणि रस्ता गेला नाही.
हिवाळ्यात दरड आली होती, म्हणे. वळण दहा पावलं सरकवलं होतं.
मागचं चाक खडीवर बडबडायला लागलं,
आरशात तादेयाचा दिवा एकदम मोठा झाला,
पाय टेकला, टाच घासली,
थांबलो.
खाली सोचा नदी, मोरचूद विरघळवल्यासारखी.

इंजिन टिकटिकत होतं. कुणीच काही बोलेना.
बोगोमिर उतरला. नवा कठडा चाचपला,
अजून सिमेंटचा वास येणारा.
बुटाच्या टोकाने डांबराची कड शोधली
आणि तिच्यावरून अख्खं वळण चालत गेला,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
मोटारी हॉर्न देत राहिल्या. तादेया रस्त्यात उभी होती, हात पसरून.
पाटी जर्मन असलेल्या एका गाडीवाल्याला
ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.
मग तो तसाच चालत परत आला.
"न विचारता बदललंय," म्हणाला. "चल."

ट्रेंटात सूप प्यालो. वाडगा त्याने कडेने धरला.
बिलावरून लुद्विकने दरवर्षीचं भांडण काढलं,
मशरूमचे पैसे वेगळे का, वगैरे.
तादेया आता हसत होती, दुपार झाली होती.

परतीला सगळंच उलटं.
सावल्या रस्त्यावर आल्या होत्या, डांबर आणि दरी एकाच रंगाची.
त्या वळणाची पाटी दरडीसोबत गेलीय,
नवी अजून लावलेली नाही,
आणि मला काही केल्या आठवेना,
पुढचं, की त्याच्या पुढचं.

पाठीमागचं वजन सरकलं.