मागचं डावं दार

हुपरीचे पायगोंडा मुधाळे सकाळी दहाला आले,
उद्यमनगरच्या बोळात गाडी उलटी घातली
आणि म्हणाले, दस्तगीर,
कॉलेजच्या पोरांना लागतो तसला बास करून दे.
मी त्यांच्याकडं बघितलं. पांढरा शर्ट, खिशात चष्मा,
बोटांच्या पेरांत चांदी घासून बसलेला काळपटपणा.
नाद कुणाचा आणि खर्च कुणाचा
हे आमच्या धंद्यात विचारायचं नसतं.

दाराचं पॅड उचकटलं.
कंपनीचा स्पीकर निघाला ओल्या पापडासारखा,
चुंबक बघाल तर जुन्या चार आण्याएवढं.
नवा बसवण्याआधी पत्र्याला आतून काळे पट्टे चिकटवले,
गरम हवा मारून, रोलरनं दाबून.
आधी टिचकी मारली की दार ट्यँ करायचं.
आता टप्.
चारी दारं. मग पुढं बोला.

बॅटरीवरनं जाड लाल वायर, वीतभरावर फ्यूज,
ती डावीकडनं मागं नेली.
सिग्नलची उजवीकडनं, कारण दोघी शेजारी झोपल्या
की इंजिनाची शिट्टी गाण्यात शिरते.
अर्थिंगला रंग खरवडून उघडा पत्रा काढला,
आळशी फिटर इथंच सापडतो.
ॲम्प्लिफायर सीटखाली. डिकीत बारा इंची.

साडेचारला चालू केलं.
समोरच्या फौंड्रीबाहेर चहाच्या किटलीचं झाकण नाचलं,
चहावाल्यानं वर न बघता त्यावर हात ठेवला.
मुधाळे मागच्या सीटवर, डोळे मिटून.
"कायतर वाजतंय."
वाजणारच की.
"ते नव्हं. त्याच्या मागं. डाव्या दारात."
क्लिप असेल म्हटलं.
"प्लास्टिक न्हाई. चांदी हाय.
तीन नंबरचं घुंगरू, आत लोखंडी दाणा."

पस्तीस वर्षं पैंजणं ऐकत बसलेला माणूस.
हजारात एक मुकं निघालं तर
न बघता उचलून बाजूला टाकणारा.
मी बाकीचा सगळा खडखडाट गप्प केला होता,
म्हणून ते एकटं उरलं होतं.

पॅड परत काढलं. बॅटरी मारली.
पाणी जायच्या भोकाजवळ, वाळल्या चिखलात,
करवंदासारखं काळं.
त्यांनी ते कानाशी नेऊन हलवलं.
"चार वर्षांची हुती. काचेच्या फटीतनं टाकलं.
माझ्याकडं बघत टाकलं.
म्हणली, गाडीच्या पायात घातलं."

आता सतरा. दोन्ही कानांत बोंडं.
पप्पा, तुमच्या गाडीत नको, नुसता डबा वाजतोय,
असं म्हणते आणि स्कूटरला किक मारते.
म्हणून हा बास. म्हणून चाळीस हजार.

मी घुंगरू कागदात बांधायला घेतलं.
"बांधू नगं. हुतं तिथं टाक."

आवं मुधाळे,
सकाळपासनं घाम गाळला
तो दारात काय वाजू नये म्हणूनच की!
उद्या दुसरा फिटर ऐकेल, म्हणेल
दस्तगीरचं काम कच्चं.

"तिची गाणी लावू दे, पाहिजे तेवढी मोठ्यांदा.
कवातरी दोन गाण्यांच्या मधी
इचारंल, पप्पा, हे काय वाजतंय."
एवढं बोलून ते पाण्याची बाटली शोधायला लागले.

टाकलं. माझ्याच हातानं.
बिलावर मात्र स्वच्छ लिहिलं:
मागचं डावं दार, आवाज येणार,
या दाराची तक्रार चालणार नाही.
त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं
आणि पूर्ण सही केली, आडनावासकट.

बोळातनं बाहेर पडताना गाडी गटारीच्या फरशीवर आदळली.
मी कान दिला.
आत गाणं लावलेलंच नव्हतं.