आठ

वडाळ्याच्या मैदानात कुटिन्हो सर म्हणाले, "आठ काढा."
मी काढला. शाळेतला, पाटीवरचा:
वरून सुटला, खाली वळला,
उघडाच राहिला
कुंपणाशी बंद पडून.

"अहो, इंग्रजी! फिरून जागेवर यायचं."

आले.
बावीस वर्षं तेच तर करतेय.

चढावर हाफ क्लच. गाडी थरथरली,
पण पायाला माहीत होतं,
शिलाई मशीनवर
दोरा तुटू न देता किती दाबायचं ते.
रिव्हर्समध्ये एक खांब हलला, पडला नाही.
इन्स्पेक्टर तेव्हा फोनवर होता.

पास.

परतताना फ्रीवेच्या तोंडाशी
मी उजवा इंडिकेटर दिला.
"घर डावीकडे ना?" सर म्हणाले.
त्यांचा पाय त्यांच्या ब्रेकवर गेला.
दाबला नाही.