सहावा भाग

एकोणीस सेकंदांची झलक आली आहे.
एक पूल, धुकं, आणि पाठमोरी उभी एक बाई
जिची वेणी मी ओळखते.
खाली तारीख नाही. नुसतं ‘लवकरच’.

गड्डीगोदामच्या वीज तक्रार केंद्रात, रात्रपाळीला,
टेबलाखाली मोबाइल धरून
मी ती चौदा वेळा पाहिली.
पंधराव्या वेळी फोन वाजला.
‘मॅडम, लाइट कधी येईन? लेकरू झोपून नाही राह्यलं.’
‘काम सुरू आहे, दादा. थोडा वेळ लागेल.’
हे मी उन्हाळ्यात रात्रीतून दोनशेदा म्हणते
आणि दर वेळी ते खोटं नसतं.

पहिला भाग इमामवाड्यात खेळलो,
हेमराज निनावेच्या वरच्या खोलीत.
दोन हजार चारचा मे, शेहेचाळीस डिग्री,
कूलरला नव्या ताट्या, ओल्या खसाचा वास,
आणि त्याच्या मामानं कामठीच्या कोण्या फौजीकडून
अर्ध्या किमतीत आणलेला तो काळा डबा.
डिस्कवरची अक्षरं सगळी जपानी.
आम्हाला त्यातलं एकही येत नव्हतं.

म्हणून गोष्ट आम्हीच केली.
वेणीवालीचं नाव ठेवलं रुखमा.
राजा डोळे मिटून काहीतरी लांबलचक बोलायचा,
हेमराज त्याचा आवाज काढायचा:
‘काऊन वं रुखमे, पूल कोणाले इचारून ओलांडला?’
आणि रुखमा तलवार उपसायची,
जशी खरंच चिडली.
विहिरीतला अजगर कोराडीच्या धुरांड्याएवढा होता.
तो मेल्यावर आम्ही एकमेकांशी तासभर बोललो नाही,
कारण शेवटचा वार कोणाचा, हे ठरेना.

दर गावात एक घंटा.
ती वाजवली की तिथवरचा खेळ जपला जायचा.
आणि दुपारी चारला लोडशेडिंग.
पडदा आकसून एक टिंब, मग तेही नाही,
घंटेपासून फक्त दोन वळणं अलीकडे.
कूलरचं पातं फिरत फिरत थकायचं.
खालून त्याची आई: ‘आता तरी जेवा बावा.’

मग आणखी चार भाग आले. भाषांतर आलं.
तेव्हा कळलं की राजा तिचा बाप होता
आणि डोळे मिटून तो माफी मागत होता.
मला आठवडाभर आवडलं नाही ते.
नंतर आवडलं.
पण राजाचा आवाज मला अजून
हेमराजचाच ऐकू येतो.

पाचव्याला नऊ वर्षं झाली.
तेवढ्यात माझं लग्न झालं आणि संपलं,
डोक्यावरून मेट्रो धावू लागली,
हेमराजनं सक्करदऱ्यात कूलरचं दुकान टाकलं.
काय काय कानावर आलं:
चित्रकार निघून गेला, काम पुन्हा पहिल्यापासून,
आता होत नाही, मागच्या दिवाळीत होणार होता.
रुखमा पाचव्याच्या शेवटी पुलावर चढली होती.
मी मनात मोजते, तिचे पाय दुखत असतील.

झलक हेमराजला पाठवली.
मे महिना म्हणजे त्याचा हंगाम. दोन दिवस उत्तर नाही.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता केंद्राच्याच नंबरवर फोन.
‘तक्रार लिहा मॅडम.
ग्राहकाचं नाव रुखमा. पत्ता पूल, अर्ध्यात.
नऊ वर्षं झाले, अंधार आहे.
लाइट कधी येईन?’

पलीकडच्या टेबलावर वासनिकबाई डुलक्या घेत होत्या.
मी नेहमीचा आवाज लावला.
‘काम सुरू आहे, दादा.’
‘बाप्पा, थेच सांगतेस का अजून,’ तो म्हणाला.
मग जरा थांबून,
‘वरच्या खोलीत आता ताट्या भरल्या हायेत.
येईन तवा रिकामी करतो.’

मी तक्रार नोंदवली. क्रमांक दिला.
त्यानं तो लिहून घेतला, खरंच,
एकेक आकडा मागून म्हणत.